चीनमधील शिष्टाचार : वैद्य व औषधी-व्यावसायिकांसाठी देशसात्म्याचा विचार

देश, काल आणि सात्म्य यांचा विचार केल्याविना आपण कोणत्याही रुग्णास पथ्य सांगत नाही. जांगल देशातील पथ्य आनूप देशात जसेच्या तसे लागू पडत नाही, हे आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. परंतु स्वतः परदेशी जाताना हा नियम आपण स्वतःस क्वचितच लावतो. २०२० पासून खंडित झालेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि भारतीयांसाठी पर्यटक व्हिसाही त्याच वर्षी खुला झाला. ग्वांगचौ येथे १९५७ पासून वसंत व शरद ऋतूंत भरणारे व्यापारप्रदर्शन, तसेच आनह्वेइ प्रांतातील बोचौ येथील वनौषधींची विशाल बाजारपेठ पाहण्याची इच्छा आपल्यापैकी अनेकांना असते. बोचौ ही प्राचीन चीनचा ख्यातनाम शल्यवैद्य हुआ थुओ याची जन्मभूमी. अशा प्रवासास निघणाऱ्या वैद्यबंधुभगिनींसाठी व फार्मसीचालकांसाठी हे चार शब्द.

परिचय व संबोधन

चीनमध्ये आडनाव प्रथम उच्चारले जाते. ‘वांग’ आडनावाच्या वैद्यांना उत्तर चीनमध्ये ‘वांग दाईफू’ म्हणावे. दाईफू म्हणजे वैद्य. ओळखपत्र दोन्ही हातांनी द्यावे, दोन्ही हातांनी घ्यावे आणि वाचून मगच ठेवावे. न वाचता खिशात घालणे अनादराचे समजले जाते. आपण दान-स्वीकार उजव्या हाताने करतो, तेथे दोन्ही हातांना मान आहे. ‘जेवलात का?’ हे जुन्या वळणाचे अभिवादन तेथेही आहे. त्यास ‘हो, जेवलो’ एवढेच उत्तर पुरे. तो भोजनाचा आग्रह नव्हे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. आपली मान डोलावण्याची सवय तेथे कोणासही उलगडत नाही. होकार वा नकार शब्दांनीच द्यावा.

भोजनप्रसंग

दुपारचे जेवण बाराच्या सुमारास व रात्रीचे सहाच्या सुमारास होते. रात्री उशिरा जेवणारांनी हा बदल आनंदाने स्वीकारावा. बसण्याची जागा यजमान दाखवील, तोवर उभे राहावे. जेवणासोबत बहुधा गरम पाणी वा चहा येतो. उष्णोदकाचा महिमा सांगणाऱ्या आपणांस त्याचे नवल वाटू नये. ग्वांगचौकडे कोणी पेल्यात चहा ओतला, तर दोन बोटांनी मेजावर हलकेच टिचकी देऊन आभार मानतात.

जेवणाच्या काड्या भातात उभ्या खोचून ठेवू नयेत. मृतांसमोर उदबत्त्या अशाच उभ्या लावतात. पंगतीत पिंडाचा विषय काढण्याइतके ते अशुभ ठरते.

शाकाहारी मंडळींनी केवळ ‘मांस नको’ एवढे सांगून थांबू नये. भाजीतही मांसाचे सूप, चरबी किंवा कालवांचे सॉस असू शकते. ‘वो छ सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य चिनी लिपीत लिहून जवळ ठेवावे आणि वर्ज्य पदार्थ एकेक नमूद करावेत. बौद्ध मंदिरांलगतची शाकाहारी भोजनगृहे उत्तम. तेथे कांदा-लसूणही वर्ज्य असतो. मद्य न घेणारांनी पंगत बसण्यापूर्वीच तसे सांगावे आणि शुभेच्छेच्या वेळी चहाचा पेला उंचवावा. मद्याऐवजी चहा ही तेथील मान्य रीत आहे. ऐन वेळी उंचावलेला पेला नाकारणे मात्र यजमानास खाली पाहावयास लावते.

भेटवस्तू

आपल्याकडे फार्मसीचे नाव छापलेले भिंतीवरील घड्याळ भेट देण्याची प्रथा आहे. चीनमध्ये हे कटाक्षाने टाळावे. ‘घड्याळ देणे’ आणि ‘अंत्यसमयी सोबत करणे’ या शब्दांचा उच्चार चिनी भाषेत सारखाच आहे. छत्रीही नको, कारण तो शब्द ‘वियोगा’सारखा ऐकू येतो. चार हा अंक ‘मृत्यू’शी ध्वनिसाम्य असल्याने वर्ज्य, आठ शुभ. पांढरे वेष्टन टाळून लाल वापरावे. यजमान प्रथम एक-दोनदा ‘नको नको’ म्हणेल, आपण आग्रह करावा. महाराष्ट्रीय माणसास ही रीत शिकवावी लागत नाही. भेट समोर उघडली गेली नाही, तर वाईट वाटून घेऊ नये. बीजे, ताजी मुळे वा फळे मात्र भेट म्हणून नेऊ नयेत. सीमाशुल्काचे नियम त्याबाबत कडक आहेत.

प्रतिष्ठा आणि प्रश्न

चिनी व्यवहाराचा कणा म्हणजे ‘म्येन्झ’, अर्थात चारचौघांतील प्रतिष्ठा. थेट नकाराने ती दुखावते. म्हणून ‘अभ्यास करून पाहू’, ‘विचार करू’, ‘थोडे अडचणीचे आहे’ ही उत्तरे बहुधा सौम्य नकार असतात. त्यांस होकार समजून मालाची मागणी गृहीत धरू नये.

येथेच आपल्या व्यवसायाचा खरा प्रश्न उभा राहतो. सौजन्यापोटी द्रव्यनिश्चितीचा प्रश्न विचारायचा राहिला, तर त्याचे मोल रुग्ण मोजतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात हान फांगजी (स्टेफानिया टेट्रांड्रा) ऐवजी नामसाधर्म्यामुळे ग्वांग फांगजी (ॲरिस्टोलोकिया फांगची) वापरली गेली. शंभराहून अधिक व्यक्तींच्या वृक्कांस गंभीर इजा झाली. ज्येष्ठमधाचेही तसेच. चीनमध्ये ‘कानत्साव’ म्हणून प्रामुख्याने ग्लिसिरायझा युरालेन्सिस मिळते, तर आपल्या औषधिकोशातील यष्टिमधु ग्लिसिरायझा ग्लॅब्रा आहे.

म्हणून प्रश्न अवश्य विचारावा, मात्र रीत सांभाळावी. मेजवानीत, इतरांदेखत शंका काढू नये. भेटीपूर्वी लेखी यादी पाठवावी. तीत प्रत्येक द्रव्याचे लॅटिन नाव, उपयुक्त अंग आणि अपेक्षित परीक्षणे नमूद करावीत. त्रुटी आढळल्यास एकांतात, ‘आमच्या देशाच्या नियमानुसार हे आवश्यक आहे’ अशा शब्दांत सांगावी. त्यामुळे समोरच्याची प्रतिष्ठा राहते आणि आपली अटही ढळत नाही. शुद्धतेची चौकशी हा तेथील परंपरेचा अपमान नव्हे. हांगचौ येथील १८७४ साली स्थापन झालेल्या हू छिंग यू थांग या औषधालयात ‘फसवणूक वर्ज्य’ या अर्थाची पाटी आहे, आणि तिचे तोंड दुकानातील कर्मचाऱ्यांकडे आहे.

सोलापूरचा आदर्श

या विषयात आपणांस दूर जावे लागत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकासमवेत चीनला गेले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, ‘के दिहुआ’ हे नाव स्वीकारले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या ३२ व्या वर्षी तेथेच देह ठेवला. शीच्याच्वांग येथील त्यांच्या समाधीवर आजही फुले वाहिली जातात. लोकांची भाषा व रीत त्यांनी आपलीशी केली, रुग्णसेवेचे व्रत मात्र मूळचेच राहिले.

परदेशाचे सात्म्य ओळखावे, आपले नियम सौम्य शब्दांत पण वेळेवर सांगावेत, आणि औषधाच्या बाबतीत विचारावयाचा प्रश्न विचारल्याशिवाय परतू नये, एवढीच विनंती. इत्यलम्.