युनियनवर लक्ष कुणी ठेवायचं?

माझी मावशी एका कारखान्यात पॅकिंगला होती. युनियनची वर्गणी तिने कधी चुकवली नाही. तिच्याच टेबलावर तेच काम करणारे पुरुष ‘ऑपरेटर’, ती मात्र ‘हेल्पर’. म्हणून पगार कमी. आईने विचारलं की म्हणायची, “अगं, करारातच तसं आहे. आपल्याच युनियनने सही केलीय.” मालकाविरुद्ध तक्रार असेल तर युनियनकडे जायचं. पण सही युनियनचीच असेल तर? कामगार कायद्याचा पेपर वाचताना हा प्रश्न मला परत आठवला.

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. पुरुष स्टेनोग्राफरांना त्यांच्यापेक्षा जास्त पगार. कंपनी म्हणाली, पद वेगळं आहे आणि पगार संघटनेशी झालेल्या करारानुसार आहे. १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९८७ मध्ये. काम सारखं असेल तर पदाचं नाव बदलून कमी पगार देता येत नाही, आणि करारही समान वेतनाच्या कायद्याच्या आड येऊ शकत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

इंग्लंडमधल्या मिडल्सब्रोच्या महिला कर्मचारी तर थेट आपल्या जीएमबी या युनियनविरुद्ध लढल्या. नगरपालिकेशी तडजोड करताना युनियनने इतरांचे पगार घटू नयेत यावर भर दिला आणि या बायकांना मागच्या थकबाकीपोटी थोडक्या रकमेवर राजी केलं. सगळ्यांचं हित पाहणं गैर नाही. पण पूर्ण माहिती न देता त्यांना राजी करणं हा अप्रत्यक्ष लिंगभेद ठरला. हा निकाल २००८ चा.

दोन्हीकडे न्याय मिळाला, पण तो सह्या झाल्यावर, कोर्टाच्या पायऱ्या चढून. मग देखरेख करणारं कुणी नव्हतं का? होतं. आपल्याकडे १९२६ च्या कायद्याने रजिस्ट्रार आला. तो युनियनची नोंदणी करतो, वार्षिक हिशेब घेतो. ब्रिटनमध्ये सर्टिफिकेशन ऑफिसर हिशेब, निवडणुका, नियमभंग पाहतो. करारात बायकांच्या वाट्याला काय आलं, हे तपासणं यांच्यापैकी कुणाचंच मुख्य काम नाही.

माझ्या मते सहीच्या आधीच मालकाचा नाही, पुढाऱ्यांचा नाही अशा त्रयस्थ माणसाने पगाराचा तक्ता तपासावा. कुठल्या पदावर किती बायका, किती पुरुष, काम काय, पगार किती, एवढं तरी मांडावं. थकबाकी सोडायची असेल तर जिची आहे तिला आकडा सांगून विचारावं. हे काम सरकारच्या हातात देऊन युनियनला वेसण घालू नये. त्यात मालकाचंच फावेल.

मावशी आता रिटायर झाली. युनियन नसती तर बोनसही मिळाला नसता, असं ती आजही म्हणते, आणि ते खरंच आहे. पण तो करार तिला कुणी कधी वाचून दाखवला नव्हता.