वीज घेण्याआधी गाडी काय विचारते?

विजेवर चालणारी गाडी प्लगला लावली, की लगेच चार्ज होऊ लागते असं तुम्हाला वाटतं का? मुळीच नाही! आधी ती प्रश्न विचारते. उत्तर पटलं नाही, तर सकाळपर्यंत तशीच उभी राहील, पण वीज घेणार नाही.

५ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी मुंबईत टेस्लाची ‘मॉडेल वाय’ गाडी घेतली. कुणासाठी? नातवासाठी! कंपनीने भारतातल्या आपल्या दालनातून दिलेली ती पहिली गाडी. हे दालन वांद्रे-कुर्ला संकुलात १५ जुलैला उघडलं होतं आणि गाड्या येतात थेट चीनमधल्या शांघायहून. मुंबईत अशा गाड्यांसाठी मोठमोठे चार्जर आहेत. पण समजा, अशीच गाडी घेऊन कुणाचे तरी मामा दिवाळीला तुकईथडला आले. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, जुन्या खंडवा-अकोला रेल्वेमार्गावरचं आपलं तुकईथड. इकडे खकनार, तिकडे धारणी आणि मेळघाट. रात्री गाडी अंगणात उभी राहिली. आता तिला वीज द्यायची कुठून?

“मोबाइल लावतो त्याच बोर्डात लावू या!” धाकटी भावंडं म्हणतील. थांबा. घरात दोन मापांची सॉकेट असतात, नीट बघा. छोटं ६ अँपिअरचं, त्यात मोबाइल, पंखा, टीव्ही. मोठ्या भोकांचं १६ अँपिअरचं, त्यात गिझर किंवा फ्रीज. गाडीला मोठंच हवं. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट. २३० गुणिले १६ केलं की ३६८० वॅट येतात. चार्जिंगची केबल थोडं राखूनच घेते, म्हणून साधारण ३ किलोवॅट धरा. शेतातली ५ हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे जवळजवळ ३.७ किलोवॅट. म्हणजे मामांची गाडी चार्जिंगला लावणं हे घरातून जवळपास एक पाण्याची मोटार चालवण्यासारखं झालं, तेही रात्रभर!

हे ‘रात्रभर’ फार महत्त्वाचं आहे. इस्त्री ४ अँपिअर घेते आणि पाच-दहा मिनिटांत तिचं काम होतं. गाडी १० तास वीज घेत राहते. तारेतून वीज गेली की तार तापते, आणि विजेचा प्रवाह चौपट झाला की उष्णता चौपट होत नाही, सोळापट होते! उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून. सॉकेट सैल असेल, तार बारीक असेल किंवा कुणी एक्स्टेन्शन बोर्ड जोडला असेल, तर आधी प्लास्टिक मऊ पडतं, मग वास येतो, मग ठिणगी. त्यामुळे गाडीसाठी मीटरपासून वेगळी जाड तार आणि वेगळा एमसीबी घ्यायचा, आणि हे काम वायरमनकाकांनीच करायचं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. घरी चार्ज करायच्या केबलच्या मधोमध एक डबी असते. प्लग भिंतीत, दुसरं टोक गाडीत. दोन्ही बाजू जोडल्या तरी डबी वीज सोडत नाही. एका बारीक तारेवर ती १२ व्होल्टचा इशारा ठेवून वाट बघते. समोर कुणी नसेल, तर १२ चे १२ च राहतात. गाडी जोडली गेली की गाडीच्या आतला एक छोटा रोधक (रेझिस्टर) हा दाब ९ वर आणतो. डबीला कळतं, कुणीतरी आलंय! मग डबी तो इशारा सेकंदाला हजार वेळा वरखाली करू लागते. प्रत्येक वेळी तो किती वेळ ‘वर’ राहतो, त्यात निरोप दडलेला असतो. २७ टक्के वेळ वर राहिला, तर अर्थ, “माझ्याकडून १६ अँपिअरच घे.” ५३ टक्के राहिला, तर “३२ पर्यंत चालेल.” गाडी हा निरोप वाचते, तयार झाली की दाब ६ व्होल्टवर आणते, आणि तेव्हा कुठे डबीच्या आत खट् असा आवाज होतो. वीज सुरू!

जगभरच्या कंपन्यांच्या गाड्या आणि चार्जर हीच १२, ९, ६ ची भाषा बोलतात. म्हणून शांघायमध्ये बनलेली गाडी तुकईथडच्या अंगणात परकी ठरत नाही. मात्र तिचं तोंड जुळायला हवं. भारतात गाड्यांना ‘टाइप २’ नावाचं सात भोकांचं तोंड असतं. अमेरिकेतल्या गाड्यांचं वेगळं असतं, शिवाय तिथल्या साध्या सॉकेटमध्ये १२० व्होल्टच असतात. त्यामुळे तिकडची गाडी कुणी तशीच जहाजाने आणली, तर पहिली अडचण इथेच येईल.

त्या सात भोकांत मधलं भोक अर्थिंगचं. आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्येही वरची लांब आणि जाड पिन अर्थिंगचीच असते. बाजूला ठेवलेला एखादा प्लग बघा. लांब असल्याने ती सॉकेटमध्ये सगळ्यांत आधी शिरते आणि सगळ्यांत शेवटी बाहेर येते. गाडीच्या पत्र्यात चुकून वीज उतरली, तर ती हात लावणाऱ्या माणसातून न जाता या पिनेतून जमिनीत जावी, यासाठी ही सोय.

आणि डबी इथेच अडून बसते! घरात अर्थिंग नसेल, तर तिच्यावर लाल दिवा लागतो आणि ती वीज सोडत नाही. कितीतरी घरांत वरच्या भोकाला तारच जोडलेली नसते. पंखा, टीव्ही तरीही चालतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी मात्र पहिल्याच रात्री ही चोरी पकडते. मग खड्डा खणून पट्टी किंवा पाइप पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, आणि उन्हाळ्यात माती सुकली की त्यात बादलीभर पाणी ओतायचं. ओल्या खारट मातीतून वीज सहज जमिनीत जाते. मला विचाराल, तर गाडी येवो न येवो, अर्थिंग प्रत्येक घरात हवंच.

“पाऊस आला तर?” जोडणी पूर्ण झाल्याशिवाय पिनांमध्ये वीजच नसते, त्यामुळे गाडीकडचं टोक भिजलं तरी घाबरू नका, भिंतीतलं सॉकेट तेवढं छपराखाली हवं. “लाईट गेली तर?” गाडी थांबते, आणि आली की बहुतेक गाड्या आपणहून पुन्हा सुरू होतात. इन्व्हर्टरवर लावायचा विचारही नको. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम १.८ युनिट मावतात, आणि मामांच्या गाडीच्या बॅटरीत सुमारे ६०!

संध्याकाळी गावात दाब उतरतो, दिवे पिवळे पडतात. केळीच्या ठिबकमध्ये शेवटच्या झाडांना पाणी कमी पोचतं ना, तसंच रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या घरांचं होतं. सगळे झोपले, की गाडी लावणं बरं. त्याआधी बिलावर मंजूर लोड किती आहे तेही बघायचं, कमी असेल तर वीज कंपनीकडे अर्ज करून वाढवून घ्यायचा. घरच्या जोडणीवर घरगुती दरानेच गाडी चार्ज करता येते, असं केंद्र सरकारने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं होतं. शेतीच्या पंपाची जोडणी मात्र यासाठी वापरायची नाही.

गाडी किती खाते, ते मीटरवर दिसतं. हात न लावता, लांबूनच बघा. मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि शेजारी ३२०० असा आकडा असला, तर ३२०० वेळा लुकलुकल्यावर एक युनिट होतं. घरात ९ वॅटचा एकच दिवा चालू असेल, तर ठिपका दोन मिनिटांनी एकदा चमकेल. गाडी लावली, की सेकंदाला दोन-तीनदा! रात्री दहा ते सकाळी आठ, म्हणजे १० तास गुणिले ३ किलोवॅट, झाले ३० युनिट. थोडी वीज तापण्यात वाया जाते, २७ च्या आसपास बॅटरीत उतरते. एका युनिटला साधारण ६ किलोमीटर धरले, तर १६० किलोमीटर झाले. मामा बुऱ्हाणपूरला जाऊन फराळाचं सामान घेऊन परत येऊ शकतील.

ही वीज फार लांबून यावी लागते असंही नाही. शेजारच्या खंडवा जिल्ह्यात नर्मदेवर इंदिरा सागर धरणाचं १००० मेगावॅटचं वीजघर आहे, कोळशावर चालणारं सिंगाजीचं केंद्र आहे, आणि ओंकारेश्वरच्या जलाशयावर सौर पॅनेल चक्क पाण्यावर तरंगतात. सगळ्यांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. मामांच्या बॅटरीत नर्मदेची किती आणि कोळशाची किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण रात्री सौर पॅनेल झोपलेली असतात, एवढं नक्की. तेव्हा सुट्टीच्या दिवशी भर दुपारी गावातला दाब चांगला असेल, तर मामांना सांगा, गाडी आत्ताच लावा!