साइन्स (चित्रपट): प्रतिसाद आणि समीक्षा

'साइन्स' (अर्थ: खुणा, संकेत) हा एम. नाइट श्यामलन लिखित व दिग्दर्शित अमेरिकन विज्ञान-थरारपट २००२ साली प्रदर्शित झाला. पत्नीच्या अपघाती मृत्यूनंतर श्रद्धा गमावून धर्मगुरुपद सोडलेल्या ग्रॅहम हेसच्या (मेल गिब्सन) मक्याच्या शेतात प्रचंड आकृत्या उमटतात आणि परग्रहवासीयांच्या आक्रमणाची चाहूल लागते.

सुमारे ७.२ कोटी डॉलर खर्चून निर्मिलेल्या या चित्रपटाने जगभरात ४० कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्यास चारपैकी चार तारे दिले. परग्रहवासी बराच काळ न दाखवता ध्वनी, शांतता व जेम्स न्यूटन हॉवर्ड यांच्या संगीतातून निर्माण केलेल्या भीतीची प्रशंसा झाली. ब्राझीलमधील वाढदिवसाच्या चित्रफितीत परग्रहवासी क्षणभर दिसतो, तो प्रसंग विशेष गाजला.

शेवटाविषयी मात्र तीव्र मतभेद झाले. पाण्याने भाजणारे जीव बहुतांश जलमय पृथ्वीवर का उतरतील, असा आक्षेप घेण्यात आला. याउलट, मुलीने घरभर ठेवलेले पाण्याचे पेले, मुलाचा दमा आणि पत्नीचे अखेरचे शब्द हे योगायोग की दैवी संकेत, हाच चित्रपटाचा खरा प्रश्न असून आक्रमण केवळ निमित्त आहे, असे समर्थक मानतात. शीर्षकाचा दुहेरी अर्थही या वाचनास पूरक ठरतो. २००३ मधील 'स्केरी मूव्ही ३' या विनोदी चित्रपटात 'साइन्स'चे विडंबन करण्यात आले.