तारेला पीळ कशाला?

नेटची वायर सोलली की आत आठ बारीक तारा निघतात. त्यांच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीला कासऱ्यासारखा पीळ असतो. पिळामुळे बाहेरच्या विजेची खरखर दोन्ही तारांना सारखीच लागते, मग यंत्र ती वजा करतं. १८८१ साली ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनसाठी या पिळाचं पेटंट घेतलं.

आमच्या गावच्या सेवा केंद्राची वायर उंदरानं कुरतडली. पीकविम्याचे अर्ज अडले, लई गर्दी झाली. काकांनी खराब तुकडा कापला. रंग असे लावले : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीत निळी घुसते, हे मला काही आवडलं नाही! पण दुसऱ्या टोकालाही हाच क्रम होता. पीळ अर्धा इंचच उकलायचा. मग तारा कनेक्टरात शेवटपर्यंत सारून पकडीनं दाबायच्या. तपासायच्या डबीवर आठही दिवे ओळीनं लागले. आबांचा अर्ज त्याच सांजेला गेला.