कुलूप लावल्याचे आणि लावायचे

इंग्रजीत अर्ज लिहावयास बसलेला मराठी मनुष्य बाकीचा सर्व मजकूर बिनचूक उतरवून अखेरच्या ओळीपाशी अडतो. कारण आपण उत्तराची वाट पाहत आहोत हे कळविताना 'लुकिंग फॉरवर्ड टू' इतके लिहून झाल्यावर पुढे 'हिअर' ठेवावे की 'हिअरिंग', याचा निवाडा त्याच्या कानाला करता येत नाही. 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'फिनिश' यांच्यापुढे 'इंग'चे जेरंड, आणि 'वाँट', 'होप', 'डिसाइड' यांच्यापुढे 'टू'चे इन्फिनिटिव्ह, या शाळेत घोकलेल्या याद्या खोट्या नव्हेत. परंतु त्या कारणावाचून पाठ करविल्या जातात याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ते कारण मुलाला त्याच्या मातृभाषेतच दाखविता येण्यासारखे आहे.

फलाटावर गाडीची वाट पाहत उभा असलेला गृहस्थ एकाएकी खिसा चाचपतो, किल्ली हाताला लागते, आणि तो स्वतःशीच म्हणतो, 'कुलूप लावल्याचे आठवते बुवा!' घरातून निघताना पत्नीने बजाविलेले असते ते मात्र 'आठवणीने कुलूप लावायचं हं' असे. घडून गेलेल्या क्रियेच्या स्मरणाला इंग्रजी 'रिमेंबर लॉकिंग' म्हणते, आणि व्हावयाच्या क्रियेची आठवण ठेवण्याला 'रिमेंबर टू लॉक'. त्याचप्रमाणे 'तो विडी ओढायला थांबला' यातील मनुष्य वाटेत थबकून काडी पेटवितो, तो 'स्टॉप्ड टू स्मोक'; 'त्याने विडी ओढणे थांबविले' यातला व्यसनमुक्त झालेला, तो 'स्टॉप्ड स्मोकिंग'.

या 'ओढायला'मधील 'ला' आणि जुन्या लिखाणातील 'ओढावयास'मधील 'स' हे दोन्ही चतुर्थीचे प्रत्यय होत. आणि आश्चर्य असे की, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही 'टू' हे दिशा दाखविणारे अव्यय असून त्याच्यापुढील क्रियारूपाला चतुर्थीचाच 'एन्ने' हा प्रत्यय लागत असे. प्रत्यय झिजून नाहीसा झाला, एकटा 'टू' राहिला, आणि पुढच्या कृतीकडे बोट दाखविण्याची त्याची जुनी सवय बहुतांशी कायम राहिली. उलटपक्षी 'इंग' हा प्रत्यय मुळातच, आपल्या 'णे'प्रमाणे, क्रियापदापासून नाम साधणारा.

अर्थात या तत्त्वाचा अंमल सर्वत्र चालत नाही. 'सजेस्ट' आणि 'कन्सिडर' यांचा विषय पुष्कळदा अद्याप न घडलेली गोष्ट असूनही त्यांना जेरंडच लागतो, आणि 'बिगिन'ला दोन्ही चालतात. तेथे पाठांतराला पर्याय नाही. अर्जातील 'टू' मात्र इन्फिनिटिव्हचा नव्हेच. तो नामाची अपेक्षा करणारे निव्वळ अव्यय आहे, आणि याची परीक्षा सोपी आहे: त्याच्यापुढे 'युअर रिप्लाय' हे साधे नाम ठेवून पाहावे. ते तेथे बिनतक्रार बसते, म्हणून 'हिअरिंग'.