श्वसनमार्गातील विषाणू आणि हृदयावरील भार

सर्दी, खोकला आणि ताप हे श्वसनमार्गाचे आजार असल्याने ते फुफ्फुसांपुरतेच राहतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे; परंतु फ्लूची साथ आली की हृदयविकाराने होणारे मृत्यूही वाढतात, हे निरीक्षण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदले गेले होते आणि पुढील संशोधनाने ते पक्के केले. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की तपासणीत फ्लू निश्चित झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच व्यक्तींच्या इतर काळाच्या तुलनेत सुमारे सहापट होते.

विषाणूशी लढताना रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने सोडतात आणि ती रक्तातून सर्वत्र पोहोचत असल्याने दाह फुफ्फुसांपुरता न राहता रक्तवाहिन्यांतही पसरतो. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा तंबाखूचे व्यसन असलेल्या व्यक्तीच्या करोनरी धमन्यांत, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत, कोलेस्टेरॉलचे थर बहुधा आधीच साचलेले असतात. दाहामुळे अशा एखाद्या थरावरचे पातळ आवरण कमजोर होऊन फाटते, आतील मेद रक्ताच्या संपर्कात येतो, त्यावर प्लेटलेट या सूक्ष्म रक्तकणिका चिकटतात आणि त्यातून तयार होणारी गुठळी धमनी बंद करते. निरोगी रक्तवाहिनीचा आतील एकपदरी पेशीस्तर रक्ताला गोठू देत नाही. मात्र तोच दुखावला, की गोठण्याला चालना मिळते. कोविडच्या साथीत घरोघरी परिचित झालेली डी-डायमर ही तपासणी याच प्रक्रियेचा माग घेते, कारण गुठळी विरघळताना सुटणारे प्रथिनांचे तुकडे ती मोजते.

गुठळी झाली नाही, तरीही हृदयावर ताण येतो. शरीराचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की नाडीचे ठोके मिनिटाला साधारण दहाने वाढतात. हृदयाच्या स्नायूला रक्त प्रामुख्याने दोन ठोक्यांमधील विश्रांतीच्या क्षणी मिळत असल्याने, ठोके वाढले की तो क्षण आखडतो, आणि न्यूमोनियामुळे रक्तातील प्राणवायूही घटला असेल, तर कष्ट वाढलेल्या स्नायूला पुरवठा मात्र कमी होतो. याशिवाय क्वचित प्रसंगी हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. मायोकार्डायटिस या नावाने ओळखला जाणारा हा विकार धडधाकट तरुणांनाही होतो आणि श्रमाने बळावतो. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या तरुणांनी अंगात ताप असताना सराव बंद ठेवणे त्यामुळेच आवश्यक ठरते.

शरीराच्या एका भागातील आघात हृदयावर कसा उलटतो, हे जगाला दाखवणारे एक मोठे काम जालना जिल्ह्याच्या सुपुत्राचेच आहे. भोकरदन तालुक्यातील देहेड येथे जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास करून, दंश हातापायाला झालेला असला तरी रुग्ण हृदय निकामी होऊन आणि फुफ्फुसांत पाणी साचून दगावतो, हे सिद्ध केले आणि प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ करून असंख्य प्राण वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विंचवाचे विष आणि फ्लूचा विषाणू यांची कार्यपद्धती अगदी भिन्न असली, तरी दुखण्याच्या जागेइतकेच लक्ष हृदयाकडे द्यावे, हा बोध दोन्हींतून मिळतो.

जालन्याच्या रोलिंग मिलमधील कामगार असो, की अंबड-घनसावंगी भागातून ऊसतोडीला जाणारे कुटुंब असो, ताप अंगावर काढला नाही तर त्या दिवसाची रोजंदारी बुडते. त्यामुळे मेडिकलमधून गोळी घेऊन तापातच कामावर जाण्याची सवय पडते. तथापि श्वसनसंसर्गात डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी हृदयविकाराचा धोका आणखी वाढत असल्याचे अभ्यासांत दिसले आहे, म्हणून हृदयरुग्णांनी तापासाठी अशा गोळ्या परस्पर घेऊ नयेत. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेणे तुलनेने सुरक्षित असते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आजारपणात स्वतःहून बंद करू नयेत.

फ्लूची लस हा या बाबतीतला सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच ही लस दिलेल्या रुग्णांतील वर्षभराचे मृत्यूचे प्रमाण २.९ टक्के, तर न दिलेल्यांतील ४.९ टक्के असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बांगलादेशासह अनेक देशांतील चाचणीत आढळले. ही लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि साठी ओलांडलेल्या, तसेच मधुमेह वा हृदयविकार असलेल्या व्यक्तींनी तिच्याविषयी आपल्या डॉक्टरांकडे विचारणा करावी. ताप असताना किंवा तो उतरल्यानंतरच्या आठवड्यात छातीत दाब जाणवणे, डावा हात वा जबडा भरून येणे, थंड घाम फुटणे, थोड्या चालण्यानेही दम लागणे यांपैकी काही घडले, तर ‘पित्त असेल’ म्हणून वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजी काढून घ्यावा.