भिंतीवरचा नकाशा आणि कुलूपबंद दार

संकटकाळी इमारतीतून बाहेर कसे पडायचे हे दाखवणाऱ्या नकाशाने तीनच गोष्टी आधी सांगायच्या असतात: वाचणारा आत्ता कुठे उभा आहे, जवळचा जिना कोणता, आणि त्या जिन्यात धूर भरला असेल तर दुसरा कुठे. अग्निशामक सिलिंडर, होज रील, फायर अलार्मचे बटण, प्रथमोपचार पेटी आणि बाहेर जमण्याची जागा ही माहिती त्यानंतरची. पुष्कळ कार्यालयांत हा क्रम उलटा झालेला दिसतो. नकाशा आर्किटेक्टच्या मूळ ड्रॉइंगवरून उचललेला असतो आणि त्यातले खांबांचे क्रमांक, भिंतींची मापे, स्वच्छतागृहातली बेसिनेसुद्धा कोणी पुसलेली नसतात. त्या गिचमिडीत हिरवा बाण शोधावा लागतो. निवांतपणी ज्याला अर्धा मिनिट लागतो, त्याला अलार्म वाजत असताना तो सापडेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

याहून मोठा आणि सहसा लक्षात न येणारा दोष दिशेचा. उत्तर वर ठेवण्याची रीत भूगोलाच्या पुस्तकात ठीक आहे. भिंतीवरच्या नकाशात वरची बाजू म्हणजे वाचणाऱ्याच्या समोरची बाजू असली पाहिजे. जिना त्याच्या उजव्या हाताला असेल, तर कागदावरही तो उजवीकडेच दिसायला हवा. लिफ्ट लॉबीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींवर एकच छापील प्रत लावली, तर त्यातली किमान एक चुकणारच, कारण एकीसमोर उभ्या असलेल्या माणसाची उजवी बाजू ही दुसरीसमोरच्या माणसाची डावी असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्व्हिन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये ‘तुम्ही इथे आहात’ छापाच्या नकाशांवर अभ्यास प्रसिद्ध केला. नकाशा जागेशी जुळवून लावलेला नसेल तर माणसे चुकीच्या दिशेला जातात, हे त्यात दिसून आले. अशा नकाशांसाठी असलेले आयएसओ 23601 हे आंतरराष्ट्रीय मानकही नकाशा वाचणाऱ्याच्या दिशेशी जुळलाच पाहिजे असा आग्रह धरते. म्हणजे एका मजल्यावर चार ठिकाणी नकाशे लावायचे, तर चार निरनिराळ्या प्रती हव्यात; लाल ठिपकाही प्रत्येकीत वेगळ्या जागी. छपाईवाला एकाच डिझाइनच्या वीस प्रती स्वस्तात देतो, आणि घोटाळा तिथेच होतो. तपासणी सोपी आहे. नकाशासमोर उभे राहून त्यात जिना ज्या बाजूला दाखवला आहे त्या बाजूचा हात पसरावा. बोट भलत्याच भिंतीकडे गेले, तर तो नकाशा काढून टाकलेला बरा. चुकीचा नकाशा कोऱ्या भिंतीपेक्षा वाईट.

आकार आणि उंचीचे नियमही ठरलेले आहेत. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग आग आणि जीवसुरक्षेचा आहे. उंच इमारतींसाठी तो सांगतो, की प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ ‘आग लागल्यास जिना वापरा’ अशी पाटी हवी. जिन्यांच्या जागा दाखवणारी आकृती पाटीवरच असेल, तर पाटी किमान 250 बाय 300 मिलिमीटर, अक्षरे पांढऱ्यावर लाल आणि किमान साडेबारा मिलिमीटर उंचीची, आणि पाटीची वरची कड जमिनीपासून दोन मीटरच्या वर नको. आंतरराष्ट्रीय मानकात नकाशाचा किमान आकार साधारणपणे ए-3 धरला आहे. हॉटेलच्या खोलीसारख्या छोट्या जागेत ए-4 चालतो. भाषेबद्दल मात्र व्यवहारात फारसा कोणी विचार करत नाही. नकाशे बहुधा इंग्रजीत असतात आणि रात्री इमारतीत सिक्युरिटी, हाऊसकीपिंग आणि कॅन्टीनची माणसे असतात. मराठी आणि हिंदी ओळ छापायला जादा खर्च काही येत नाही.

चित्रांचा फायदा इथेच कळतो. दारातून पळत बाहेर पडणारा हिरवा माणूस आज जगभर ओळखला जातो. त्याचे मूळ जपानमध्ये आहे. 1970 च्या दशकात तिथल्या डिपार्टमेंट स्टोअरांना लागलेल्या मोठ्या आगींनंतर नवे चिन्ह शोधले गेले, युकिओ ओता यांनी ते घडवले आणि पुढे ते आंतरराष्ट्रीय मानकात आले. ते वाचायला अक्षरओळख लागत नाही. त्याची एक मर्यादा आहे. गरम धूर वर चढतो आणि छताखाली साठतो, त्यामुळे दारावर उंच लावलेली पाटी सर्वांत आधी दिसेनाशी होते. म्हणून भिंतीच्या तळाशी अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या आणि बाण लावणे, आणि वाकून किंवा रांगत जाण्याचा सराव देणे गरजेचे ठरते.

नकाशा बिनचूक असला तरी माणसे त्याप्रमाणे जातीलच असे नाही. घाबरलेला माणूस आला त्याच वाटेने परत जाऊ पाहतो. 20 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ या नाइट क्लबला आग लागली आणि 100 जणांचा जीव गेला. बाहेर पडायला इतर दारे होती, तरी बहुतेकांनी ओळखीच्या मुख्य दाराकडे धाव घेतली आणि तिथे माणसांचा खच पडून वाट बंद झाली. मुंबईत 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलमधील गच्चीवरच्या रेस्टॉरंटला लागलेल्या आगीत 14 जण दगावले. त्यांतल्या अनेकांनी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला होता आणि तिथेच ते गुदमरले. धूर दिसताच दार लावून घेता येईल अशी खोली शोधणे हे स्वाभाविक आहे, पण ज्या खोलीला बाहेरची खिडकी नाही ती खोली म्हणजे सापळा. अशा खोल्या नकाशात ठळक दाखवायला हव्यात.

ओळखीच्या वाटेची ही ओढ मॉक ड्रिलनेच मोडते. संहितेनुसार उंच इमारतीत पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि नंतर निदान सहा महिन्यांनी असा सराव व्हायला हवा. बहुतेक ठिकाणी तो आधी ईमेलने कळवून, दुपारी चारच्या सुमारास, सगळ्यांनी मुख्य जिन्याने हसतखिदळत उतरून पार पडतो. फोटो निघतात, फाइलला लागतात. उपयोग त्या सरावाचा, ज्यात मुख्य जिना मुद्दाम बंद धरला जातो आणि माणसांना आयुष्यात पहिल्यांदा मागचा जिना उतरावा लागतो. त्या जिन्यात काय काय साठवले आहे हेही तेव्हाच उघडकीला येते: जुने मॉनिटर, दिवाळीच्या सजावटीची खोकी, पाण्याचे रिकामे जार.

व्हीलचेअरवरच्या किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या सहकाऱ्याला खाली कोण आणणार, हा प्रश्नही सरावातच सुटायला हवा. त्यासाठी नावानिशी नेमलेली दोन माणसे आणि जिन्यावरून उतरवता येणारी खुर्ची लागते. ऐनवेळी लिफ्ट वापरण्याचा मोह होतो आणि तो जिवावर बेततो.

नकाशा हे इमारतीबद्दलचे एक विधान आहे, आणि ते विधान रोज खोटे पडू शकते. नवी केबिन उठते, पार्टिशन सरकते, सर्व्हर रूमसाठी पॅसेजचा तुकडा आत घेतला जातो. कार्यालयाच्या वापराच्या जागेतून बाहेर पडण्याच्या वाटेपर्यंत चालावे लागणारे अंतर संहितेने 30 मीटरवर बांधले आहे. स्प्रिंकलर असतील तर ते वाढवता येते. हे अंतर सरळ रेषेत मोजायचे नसते. टेबलांना वळसे घालत माणूस जसा चालेल तसे मोजायचे असते. एका पार्टिशनने 25 मीटरची वाट 40 मीटर होऊ शकते, आणि भिंतीवरचा नकाशा मात्र जुनीच वाट दाखवत राहतो.

सर्वांत घातक ठरते ते कुलूप. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी 59 प्रेक्षक मरण पावले. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवताना उजवीकडची वाट बंद केली गेली होती. कोलकात्याच्या स्टीफन कोर्ट इमारतीत 23 मार्च 2010 रोजी 43 जण गेले. वरच्या मजल्यांवरून गच्चीकडे धावलेल्यांना गच्चीचे दार कुलूपबंद मिळाले. कुलूप लावणाऱ्याकडे नेहमी कारण असते. चोरी होते, कर्मचारी मागच्या दाराने सिगारेट ओढायला जातात, बायोमेट्रिक हजेरी चुकते. या सगळ्यावर उपाय बाजारात मिळतात. आतून ढकलताच उघडणारा आणि बाहेरून मूठ नसलेला पॅनिक बार दाराला बसवता येतो, दार उघडल्यावर वाजणारी घंटा जोडता येते. कार्डवर चालणारे चुंबकी लॉक असेल, तर अलार्म वाजताच किंवा वीज जाताच ते आपोआप सुटले पाहिजे. याच्या नेमकी उलटी चूक आग रोखणाऱ्या दारांबाबत होते. ही जड, आपोआप मिटणारी दारे जिन्यात धूर शिरू नये म्हणून असतात आणि येता-जाता त्रास नको म्हणून ती सताड उघडी ठेवली जातात. दाराला अडसर म्हणून बहुधा अग्निशामक सिलिंडरच लावलेला असतो. एकाच वेळी दोन साधने निकामी.

महाराष्ट्रात याबाबतचा मुख्य कायदा 2006 चा, आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम. तो डिसेंबर 2008 पासून लागू झाला आणि त्याखालचे नियम 2009 मध्ये आले. इमारतीत ठरवून दिलेल्या उपाययोजना करण्याची जबाबदारी मालकाची. मालक सापडत नसेल तर भोगवटादाराची. शिवाय आग विझवण्याची यंत्रणा सुस्थितीत आणि चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावे लागते. व्यवहारात ते ‘फॉर्म बी’ म्हणून ओळखले जाते. पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर, अलार्मचे पॅनेल यांची देखभाल त्यात येते. तपासणीच्या दिवशी जिना मोकळा असतो, कारण तो आदल्या दिवशी मोकळा केलेला असतो. कागद खरा असूनही उरलेल्या पाच महिन्यांबद्दल तो काहीच सांगत नाही.

कारखान्यांना हे बंधन जुने आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 38 ने आगीत सर्वांना बाहेर पडता येईल अशी सुरक्षित वाट आणि कामगारांना त्या वाटेची ओळख व सराव, दोन्ही सक्तीचे केले. भोपाळ दुर्घटनेनंतर 1987 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांवर संकटकालीन आराखड्याची सक्ती आली, आणि 1989 च्या घातक रसायनविषयक नियमांनी त्या आराखड्याचा सराव दर सहा महिन्यांनी घेण्यास सांगितले. रासायनिक कारखान्यात नकाशाला आणखी एक गोष्ट लागते: वाऱ्याची दिशा. वायुगळतीत वाऱ्याला आडवे जाऊन बाहेर पडायचे असते. म्हणून अशा ठिकाणी वारा दाखवणारी कापडी नळी उंचावर फडकत असते आणि जमण्याच्या जागाही एकाहून अधिक ठेवतात.

आणि तरीही महाराष्ट्रातल्या अलीकडच्या कितीतरी मृत्यूंचा भिंतीवरच्या नकाशाशी काडीचा संबंध नव्हता, कारण ती माणसे कोणत्याच नकाशात नव्हती. साकीनाक्याच्या खैरानी रोडवर 18 डिसेंबर 2017 च्या पहाटे फरसाणाच्या गाळ्यात 12 कामगार होरपळून मेले. पुण्याजवळ उरुळी देवाची इथे 9 मे 2019 रोजी साड्यांच्या दुकानात पाच कामगार गेले. ते आत झोपले होते आणि दुकानाला बाहेरून कुलूप होते. वाळूज एमआयडीसीत 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले सहा जण वाचले नाहीत. तिन्ही ठिकाणी कामाची जागा हीच रात्रीची मुक्कामाची जागा होती. परगावचे कामगार, भाडे परवडत नाही, आणि मालकालाही माल राखायला माणूस हवाच असतो. ड्रॉइंगवर ती जागा ‘गोडाऊन’ किंवा ‘दुकान’ म्हणून नोंदलेली असते. पोटमाळ्यावर अंथरुणे आहेत, चढायला एक लोखंडी शिडी आहे आणि खाली शटर आहे, हे कोणत्याही कागदावर येत नाही. शटरला आतून उघडणारे छोटे दार बसवणे आणि मुक्कामच बंद करणे, यांतला पहिला उपाय आजच्या आज होण्यासारखा आहे.

बाहेर पडल्यानंतरचे काम म्हणजे मोजदाद. असेंब्ली पॉइंट इमारतीपासून पुरेसा दूर आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांच्या वाटेबाहेर हवा. प्रत्यक्षात तो पुष्कळदा पार्किंगमध्ये, काचेच्या दर्शनी भिंतीखाली आखलेला असतो. हजेरी मस्टरवरून घेतली जाते आणि तिथे पुन्हा तीच माणसे निसटतात: कंत्राटी कामगार, कुरिअरवाला, मुलाखतीला आलेला उमेदवार, एसी दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक. गेटवरचे व्हिजिटर रजिस्टर हातात घेऊन खाली उतरणे हे कोणा एकाचे ठरलेले काम असले पाहिजे. आत कोणी राहिले आहे का आणि कोणत्या मजल्यावर, हे बंबावरच्या जवानांना येताक्षणी कळले नाही, तर ते जीव धोक्यात घालून रिकाम्या खोल्या शोधत बसतात.

येत्या जुलैत फॉर्म बी पाठवण्यापूर्वी प्रत्येक मालकाने आणि व्यवस्थापकाने एका रात्री अकरानंतर आपल्या जागेत यावे, सर्वांत आतल्या टेबलापासून किंवा अंथरुणापासून निघून मागच्या जिन्याने रस्त्यापर्यंत चालावे, आणि वाटेत लागलेले प्रत्येक कुलूप त्याच रात्री काढावे.